धूळ न झटकलेले संगीत

चांगले ध्वनिमुद्रण कोणते, असे कोणालाही विचारले तर ‘स्वच्छ ऐकू येते ते’ असेच उत्तर मिळेल. गायकाचा शब्द न् शब्द कळावा, वाद्ये एकमेकांच्या अंगावर पडू नयेत आणि तबकडीची खरखर कानाला लागू नये, एवढीच आपली साधी अपेक्षा. दुकानदारही हाच गुण सांगून नवे यंत्र आपल्या गळ्यात बांधतो. या समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट २०२२ साली अमेरिकेत घडली. तेथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ ही राष्ट्रीय ग्रंथसंस्था देशाचा ठेवा म्हणून कायमची जतन करावयाची काही ध्वनिमुद्रणे दरवर्षी निवडते. त्या वर्षीच्या यादीत ‘वू-टँग क्लॅन’ या न्यूयॉर्कच्या नऊ तरुणांच्या मेळ्याचा १९९३ सालचा पहिला अल्बम होता.

हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याला आपल्या यंत्रातच काही बिघाड झाला असावा, असे वाटते. ढोलाचा आवाज फाटका, पियानोचे सूर ओल धरलेल्या भिंतीमागून आल्यासारखे. मध्येच चिनी हाणामारीच्या चित्रपटांतले संवाद, आणि या सगळ्याखाली जुन्या तबकडीची खरखर! मग ज्या देशात उत्तमोत्तम स्टुडिओ आहेत, त्या देशाने हा मळकट आवाज मानाने जपून ठेवावा, याचे कारण काय? ही खरखर तेथे आली कशी आणि राहिली का, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते.

दोन तबकड्या आणि एक ठेका

हिप-हॉप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवीत, बोलल्यासारखे म्हटलेले गाणे आणि त्याच्या भोवतीची सारी संस्कृती. तिचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. या भागाच्या मधोमध १९४८ ते १९७२ या काळात एक प्रचंड हमरस्ता बांधला गेला आणि नांदत्या वस्त्या उखडल्या गेल्या. पुढे घरांना आगी लागू लागल्या, चाळीच्या चाळी ओस पडल्या. १९७५ साली तर खुद्द न्यूयॉर्क शहरच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे राहिले. अशा ठिकाणी सतार काय नि व्हायोलिन काय, मुलांना वाद्य घेऊन देणार कोण? घरात होते ते आईबापांच्या तबकड्यांचे खोके.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीची मेजवानी ठेवली होती. संगीताची बाजू तिच्या भावाकडे, जमैकातून आलेल्या ‘कूल हर्क’कडे होती. गाण्यात जेथे गायक थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तेथेच नाचणाऱ्यांना सर्वांत जास्त रंग चढतो, हे त्याने हेरले होते. हा तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. पण तो चालायचा काही सेकंदच. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावण्याची युक्ती काढली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिलीची सुई पुन्हा मागे! चार पळांचा ठेका हवा तितका वेळ चालू लागला. वाद्य नसलेल्या मुलांच्या हाती एक वाद्य आले, आणि त्या वाद्याला पहिल्या दिवसापासून धूळ आणि ओरखडे चिकटलेले होते.

दहा सेकंदांचे भांडवल

पुढची पायरी यंत्राने गाठली. तबकडीवरचा तुकडा आकड्यांच्या रूपाने साठवून, बोटाने बटण दाबताच तो वाजविणाऱ्या यंत्राला ‘सॅम्पलर’ म्हणतात. १९८७ साली ‘ई-म्यू’ कंपनीने ‘एस्. पी. १२००’ नावाचा सॅम्पलर बाजारात आणला, आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचा आवाज बऱ्याच अंशी या एका पेटीने घडविला.

मौज अशी की, या यंत्राची कीर्ती त्याच्या उणिवांवर उभी आहे. त्याच्या पोटात सारे मिळून केवळ दहा सेकंदांचा आवाज मावे. आवाजाचे माप ते सेकंदाला सुमारे २६ हजार वेळा घेई आणि प्रत्येक माप ४,०९६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवी. आपल्या परिचयाची सी. डी. हेच माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेते आणि तिच्या पायऱ्या ६५,५३६ असतात. रांगोळीचेच उदाहरण घेऊ. ठिपके दाट असले तर वेलीचे वळण मऊसूत येते. विरळ असले तर त्याच वळणाला कोपरे फुटतात. या पेटीतून निघालेल्या ढोलाला असेच कोपरे फुटलेले असत.

त्यात या मुलांची काटकसर! मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ते ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून घेत. त्यामुळे साडेतेरा सेकंदांचा मजकूर दहा सेकंदांत बसे. नंतर यंत्रात तोच आवाज संथ करून मूळ स्वराला आणीत. जागा वाचली, पण या ओढाताणीत विरळ ठिपके आणखी विरळ झाले आणि आवाजाला एक वाळूसारखी कच आली. अडचणीपोटी केलेल्या या युक्तीची गोडी कानांना अशी लागली, की पुढे भरपूर जागा असलेली यंत्रे आली तरी जाणत्यांनी ही पेटी टाकली नाही.

मिश्रणाचे उलटे शास्त्र

वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळविण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. सुगृहिणी फडताळात डबे लावते, तसा ध्वनियंत्रज्ञ प्रत्येक आवाजाला त्याची जागा नेमून देतो. कोणी कोणाला झाकायचे नाही, हा नियम. ‘पब्लिक एनिमी’ या मेळ्याच्या १९८८ सालच्या अल्बममागे ‘बाँब स्क्वॉड’ नावाची निर्मात्यांची मंडळी होती. त्यांनी हा नियम समजूनउमजून मोडला. एका तुकड्यावर दुसरा, त्यावर तिसरा, मध्ये भाषणांचे कपटे, वरून किंकाळीसारखा सॅक्सोफोन, अशी थरांवर थरांची रास त्यांनी रचली. भर चौकात, कर्ण्यांच्या कोलाहलात उभे राहून कोणी आपला हक्क मागावा, तसा तो आवाज आहे. विषय संतापाचा असताना मिश्रण दिवाणखान्यातले कसे चालावे?

वू-टँगचा सूत्रधार ‘रिझा’ याने वेगळी वाट धरली. त्यांचे पहिले गाणे १९९२ साली पदरमोड करून काढलेले. रिझाने गर्दी न करता आवाज उघडावाघडा ठेवला: एक ठेका, एखादा पियानोचा तुकडा, आणि त्यांच्यावर नऊ निरनिराळे कंठ. पार्श्वभूमी अंधुक असल्यामुळे प्रत्येक कंठ चेहऱ्यासारखा उठून दिसतो. कोणी घोगरा, कोणी किरटा, कोणी दारूच्या अमलाखाली असल्यागत हेलकावणारा. रात्री दिवे गेलेल्या जिन्यात माणसे आवाजावरूनच ओळखावीत, तसे हे ऐकणे आहे.

१९९५ साली ‘मॉब डीप’ ही दुक्कल गाजली. क्वीन्सब्रिज नावाच्या अवाढव्य सरकारी वसाहतीतली ही दोन कोवळी पोरे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातली ती भयाण सुरावट आली कोठून, हे जाणकारांना सोळा वर्षे उमगले नाही. २०११ साली उलगडा झाला: ती हर्बी हॅनकॉक या जाझ वादकाच्या १९६९ सालच्या एका शांत, हळव्या रचनेतली होती. सूर बदलून, संथ करून तिचा असा कायापालट केला होता, की गोडव्यातून धास्ती निर्माण व्हावी.

स्वच्छ मिश्रण करणारे हिप-हॉपमध्ये नव्हते असे मात्र नाही. १९९२ सालच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या डॉक्टर ड्रे याने वादकांकडून सुरावटी नव्याने वाजवून घेऊन आरशासारखा लखलखीत अल्बम काढला, आणि तोही थोरच आहे. तेव्हा मळकेपणा हाच गुण, असा उलटा सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की, आवाजाचा पोत सांगावयाच्या गोष्टीला साजेसा आहे की नाही. या गाण्यांतली भाषा शिवराळ आहे, त्यांत हिंसा आहे. घरात सर्वांनी मिळून ऐकण्यासारखी ती नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून वर्गाबाहेर बसविण्याची खोड आम्हा भाषेच्या मास्तरांना जुनीच आहे. तीच खोड कानांनाही असते, असे मला वाटते.

हात कोणाचे, कमाई कोणाची?

आता या कथेची दुसरी बाजू. तबकडीवरचा जो ठेका हजारो गाण्यांत फिरला, तो मुळात कोणा हाडामांसाच्या माणसाने वाजविला होता. जेम्स ब्राऊन याच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० साली आलेल्या गाण्यात क्लाईड स्टबलफील्ड याचा ठेका आहे. जगात सर्वाधिक उचलल्या गेलेल्या ठेक्यांत त्याची गणना होते. पण रचनेवर नाव मालकाचे. स्टबलफील्ड पगारी वादक! २०१७ साली तो वारला, तोवर त्या अगणित गाण्यांच्या मानधनात त्याचा हक्काचा वाटा नव्हता. ‘द विन्स्टन्स’ या मेळ्यातल्या ग्रेगरी कोलमन याने १९६९ साली वाजविलेला जेमतेम सात सेकंदांचा ठेकाही असाच जगभर गेला. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून मेळ्याच्या प्रमुखाला सुमारे २४ हजार पौंड दिले. कोलमन त्याआधीच, २००६ साली, गरिबीत मरून गेला होता.

न्यायालयाने यात हात घातला तो १९९१ च्या डिसेंबरात. बिझ मार्की या गायकाने गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून घेतला होता. न्यायाधीशांनी निकालाचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने केला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसा लागू लागला. बाँब स्क्वॉडच्या धर्तीची तुकड्यांची रास रचणे आवाक्याबाहेर गेले. निर्माते थोडे तुकडे घेऊ लागले, तेही ओळखू न येतील इतके कापून. पण हक्क नावावर असलेल्यालाच पैसा मिळाला. ज्याच्या मनगटाने ठेका धरला, तो बहुधा कोरडाच राहिला.

म्हणूनच ती खरखर मला नुसती शोभेची वाटत नाही. ती पुसली असती, तर तो ठेका जणू यंत्रातून आपोआप उगवला असे वाटले असते. खरखर सांगते, की हा आवाज कोणाच्या तरी घरातल्या तबकडीवरून आला आहे, तो पूर्वी कोणीतरी वाजविला आहे, कोणीतरी झिजेपर्यंत ऐकला आहे. वादकाचे देणे तिने फिटत नाही. पण ते देणे आहे, याची आठवण ती बुजू देत नाही.

आज ही खरखर संगणकावर एका बटणाने मिळते. ध्वनी निर्मळ मुद्रित करायचा आणि मग वरून धूळ भुरभुरायची! ओढाताण मात्र कोणत्याही बटणाने मिळत नाही. ती जेथे खरोखर असते, तेथे हे संगीत पुन्हा रुजते. मुंबईच्या कुर्ल्यातल्या ‘नेझी’ या तरुणाने २०१४ साली एका आयपॅडवर गाणे मुद्रित केले, चित्रणही त्याच्यावरच केले, आणि हिंदुस्थानी गल्लीतल्या रॅपकडे लोकांचे लक्ष वेधले. स्टुडिओ मिळेपर्यंत तो थांबला असता, तर?

तेव्हा उद्या घरातल्या मुलाने असले काही लावले आणि खोक्यातून फाटका ठेका आणि खरखर ऐकू आली, तर ‘अरे, ते यंत्र दुरुस्त करून आण’ असे एकदम म्हणू नका. घटकाभर बसा, आणि त्यालाच विचारा, ‘हा ठेका मुळात वाजवला कोणी रे?’ कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. मग दोघांनी मिळून शोधण्याजोगे काहीतरी सापडले, असे समजा.