चिनी परकायाकथा (लेखांक ४) : सावत्र आईची पाठशाळा

तोंग ह्वा या लेखिकेच्या कादंबरीतील, छिंग घराण्याच्या राजवाड्यात जाऊन पडणाऱ्या नायिकेचा परामर्श आपण गेल्या आठवड्यात घेतला. आज ज्या कथांकडे वळावयाचे आहे त्यांत सम्राट नाही, कटकारस्थाने असलीच तर ती शेजारच्या अंगणापुरती. आहे ते एक मातीचे घर, तळ गाठलेली धान्याची कणगी आणि नव्या आईकडे संशयाने पाहणारी दोन-तीन उपाशी पोरे. आजच्या शहरातील एखादी शिक्षिका कादंबरी वाचता वाचता झोपी जाते आणि जागी होते ती त्याच कादंबरीतील दुष्ट सावत्र आईच्या देहात. पुढचे सारे तिला ठाऊक असते: कोपऱ्यातला आठ वर्षांचा मुलगा मोठेपणी क्रूर प्रधान होणार आणि अखेर त्याचा शिरच्छेद होणार. हे जाणून ती पेजेत अंडे फोडून घालते आणि पहिली वाटी त्याच्यापुढे ठेवते. मुलगा आधी एकच घोट घेतो, थांबतो, आणि विष नाही अशी खात्री पटल्यावर वाटी धाकट्या बहिणीकडे सरकवतो.

पोट भरू लागले की शिक्षण आरंभते, आणि येथे या कथा आपली गती बुद्ध्याच मंद करतात. कागद महाग, म्हणून आपल्या धूळपाटीप्रमाणे वाळू पसरून तीत काडीने अक्षरे काढावयाची. सोंग काळातील थोर साहित्यिक ओयांग श्यू (१००७–१०७२) याच्या विधवा मातेने बोरूच्या काडीने जमिनीवर लिहून त्याला अक्षरओळख करून दिली, ही आख्यायिका चिनी वाचकाच्या मनात असतेच. मग तीन-तीन अक्षरांच्या चरणांचा बालपाठ, आणि पुढे लाल छापील अक्षरांवर शाईचा कुंचला फिरवून वळण गिरविणे.

हा सारा खटाटोप शाही परीक्षांसाठी. मिंग आणि छिंग अमदानीत पहिल्या चाचण्या पार करून जो ‘श्यूत्साय’ झाला त्याला वेठबिगारीची माफी मिळे आणि मामलेदारासमोर गुडघे टेकावे लागत नसत. दरिद्री कुटुंबास ही सनद म्हणजे अब्रूच. त्यापुढची प्रांतिक परीक्षा तीन वर्षांतून एकदा. नानजिंगच्या परीक्षागृहात अखेरच्या काळात सुमारे २०,००० कोठड्या होत्या. प्रत्येकीत दोन फळ्या, दिवसा त्यांचेच बाक आणि मेज, रात्री त्याच जोडून बिछाना. शिदोरी उमेदवाराने स्वतःची आणावयाची, आणि आत चिठ्ठी दडविलेली नाही ना हे पाहण्यास पहारेकरी भाकरीसुद्धा फोडून पाहत. तेव्हा टोपली भरतानाच भाकऱ्यांचे तुकडे करून ठेवणारी आई रंगविली, की कुशल लेखिकेला तिच्या मायेविषयी निराळे काही सांगावे लागत नाही.

या परीक्षांची दारे, १९०५ साली त्या रद्द होईपर्यंत, स्त्रियांना बंदच राहिली, आणि या साहित्यप्रकाराची खरी कसोटी मला येथे दिसते. जिने स्वतः विद्यापीठाची पदवी घेतली ती नायिका मुलाला पुढ्यात घेऊन शिकवते आणि मुलीला भरतकामाला बसवते, अशा कथा मला सदोष वाटतात. भावाचा अपुरा इतिहासग्रंथ सिद्धीस नेणाऱ्या व सम्राज्ञी दंग हिला शिकविणाऱ्या बान चाओने, मुलांनाच शिकवून मुलींना वगळणे गैर आहे, असे सुमारे १९०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. मग आजच्या लेखिकेने तिच्या मागे का राहावे?

आजच्या चीनमध्ये २०२४ च्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. २०२१ च्या जुलैत सरकारने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि पहिली-दुसरीच्या मुलांना लेखी गृहपाठ देऊ नये असा हुकूम काढला, यावरून घरोघरच्या ताणाची कल्पना येते. कथेतली परीक्षाही तितकीच निष्ठुर असते. पण तेथील आईजवळ वेळ असतो. मुलगा खोटे बोलला तर शिक्षेआधी ती कारण विचारते, आणि उत्तर येईपर्यंत शेंगा सोलीत बसते. माणसाच्या स्वभावाविषयी बोलताना प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसने एका टेकडीचा दाखला दिला होता: नित्य कुऱ्हाड चालली, उगवलेले कोंब गुरांनी खाल्ले, म्हणून ती उघडी पडली, आणि लोक मात्र ती मुळातच उजाड असे समजले. खलनायकाचे बालपण मांडणाऱ्या या लेखिका त्याच विचाराच्या वारसदार आहेत, आणि म्हणूनच, भाषा साधी व कथानक ठरीव असूनही, या कथांविषयी मला आदर वाटतो.

परीक्षार्थी हाच जेथे परकायाप्रवेश केलेला नायक असतो, त्या कथांचा विचार पुढील लेखांकी.