उपग्रहाला न दिसलेला चिखल

ठाणे खाडीचा तो नकाशा आम्ही क्यूजीआयएस या सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला होता. खाली खारफुटीचा थर, त्यावर पाण्याचा आणि सर्वांत वर रोहित पक्ष्यांना चारा कुठे मिळेल याचा मॉडेलने काढलेला अंदाज. चिखल जितका जास्त वेळ उघडा, तितका गुलाबी गडद. वाशीतल्या एका छोट्या सभागृहात तो पडद्यावर टाकला. समोर वन खात्याची मंडळी होती. मागच्या रांगेत दिवाळे गावातले एक कोळी काका होते. ते पुतण्याबरोबर आले होते, आम्ही बोलावलं नव्हतं.

बराच वेळ ते नुसते बघत होते. मग म्हणाले, "ताई, यो त भांगाचा चिखल हाय. उधाणाचा कुठं हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी पंचांग घेऊन बसले. खाडीकाठी हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. आम्ही वापरलेली चित्रं सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची. तो मुंबईवरून जातो सकाळी अकराच्या सुमारास, दर वेळी त्याच वेळेला. म्हणजे उधाणाच्या दिवशी, पुनवेला किंवा अवसेला, त्याला दिसते ती जवळजवळ भरलेली खाडी. अकरा-बाराची ओहोटी त्याला सापडते सप्तमी-अष्टमीला, आणि ती असते भांगाची, अर्धवट उतरलेली. उधाणाची ओहोटी लागते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. पाणी सगळ्यात खाली जातं आणि खाडीचा तळ लांबवर उघडा पडतो, तो हाच चिखल. तो आमच्या एकाही चित्रात नव्हता. वर्षभराची चित्रं गोळा करून सरासरी काढली म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण दिवसाची वेळच तीच असेल तर चित्रं वाढवून काय उपयोग!

उपाय सापडला सेंटिनेल-१ मध्ये. हा रडारचा उपग्रह, त्याला ना उजेड लागतो ना ढगांची अडचण होते. शिवाय तो इकडून जातो सकाळी साडेसहाच्या आसपास. पुनवेच्या पहाटेचं पहिलं चित्र उघडलं आणि खाडीच्या मधोमध, जिथे आम्ही निळा रंग भरला होता, तिथे चिखलाचे पट्टे उठून दिसले. ओला चिखल आणि संथ पाणी यांत रडारची गल्लत होते, म्हणून प्रत्येक पट्टा काकांना दाखवून घेतला. दोन त्यांनी खोडले, बाकीच्यांची नावं सांगितली.

फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या पाणथळीसाठी एव्हरव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. मॉडेलचे वेगवेगळे अंदाज शेजारी शेजारी लावून व्यवस्थापकांना बघता यावेत, हा त्यामागचा विचार. तो मला फार पटतो. निर्णय घेणाऱ्याला आकड्यांचा ढीग नको असतो, दोन दिवसांतला फरक हवा असतो. म्हणून आम्हीही क्यूजीआयएसच्या काळपट्टीवर तारखांऐवजी तिथी लावल्या. एका खिडकीत अष्टमी, दुसरीत पौर्णिमा.

हा नवा नकाशा घेऊन परत त्याच सभागृहात गेलो. या वेळी एका तरुण वनरक्षकाने हात वर केला. "मॅडम, अवसेला दुपारी बारा वाजता लावा."

लावलं. सगळा चिखल पाण्याखाली गेला, गुलाबी रंग पुसला गेला.

"मग आता पक्षी कुठे आहेत?"

आमचा नकाशा अभयारण्याच्या हद्दीवर कापलेला होता. २०१५ मध्ये जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, सुमारे १६९० हेक्टर, ऐरोली ते वाशी. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही खाडी. कागदोपत्री सगळं चोख. पण भरती चढली की पक्षी हद्द बघत नाहीत. ते उठतात आणि उथळ पाण्याच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात: एनआरआय संकुलामागे, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळ, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर. ओहोटी लागेपर्यंतची त्यांची विसाव्याची जागा तीच. ती गेली तर खाडीतला चारा कितीही राखला तरी पक्षी टिकणार नाहीत.

वनरक्षक उठून पुढे आला. पडद्याच्या खालच्या कडेपाशी वाकला आणि त्याने बोट टेकवलं ते पडद्याच्या खाली, कोऱ्या भिंतीवर.

"इथं," तो म्हणाला. "नेरुळला."