तूर एक, मंत्रालये अनेक

लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव फुटतो, तेव्हा दिल्लीतली निदान चार खाती त्या सौद्यात हजर असतात. हमीभावाची शिफारस करतो कृषी मंत्रालयाचा कृषी खर्च व मूल्य आयोग. मंजुरी मंत्रिमंडळाच्या अर्थविषयक समितीची. २०२५-२६ साठी हा भाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला.

आयातीची किल्ली मात्र वाणिज्य मंत्रालयाकडे. मे २०२१ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने तुरीची आयात खुली केली आणि म्यानमार-मोझांबिकची तूर मोकळेपणी येऊ लागली. तिच्यावरचे शुल्क अर्थ मंत्रालय बघते.

खरा हुकमी एक्का ग्राहक व्यवहार विभागाच्या हाती. २ जून २०२३ रोजी त्याने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तूर-उडदावर साठामर्यादा घातली : घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन. थोडक्यात, एक खाते भावाला खालून टेकू देते, दुसरे वरून दाबते.

तीच डाळ नांदेडच्या शाळेत शिजली की योजना शिक्षण मंत्रालयाची, अंगणवाडीत शिजली की महिला व बालविकासची. पाकिटावरचे लेबल? ते आरोग्य मंत्रालयाखालच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे.