मेणाविना बाटिक

खऱ्या बाटिकमध्ये कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात. मेणाखाली रंग शिरत नाही, म्हणून नक्षी कोरी राहते. जावा बेटावर ही कला फार पुढे गेली. इंडोनेशियाच्या बाटिकची युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. शुभेच्छापत्रावर हाच परिणाम मेणाविना साधता येतो.

जाड पांढऱ्या कागदावर पारदर्शक, चिकट शाईने रबरी ठसा उमटवा. शाई ओली असतानाच त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर भुरभुरवा, जादाची झटकून परत डबीत भरा. मग हीट गनने गरम हवा द्या. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही: त्याची हवा पुरेशी तापत नाही, वर पावडर उडवून लावते. पावडर वितळते तो क्षण बघण्यासारखा असतो. दाणेदार रेघ एकाएकी ओली दिसू लागते, चकाकते, किंचित फुगते. तिथून लगेच हवा पुढे सरकवा.

गार झाल्यावर स्पंजाने पाण्यात विरघळणारी शाई फिकटाकडून गडदाकडे चोळत न्या. नक्षीवर साचलेले थेंब टिश्यूने टिपून घ्या.

बाटिकची एक ओळख म्हणजे मेणाच्या भेगा. त्यासाठी रंग देण्याआधी कागद हलकेच चुरगाळा. पावडरीचा थर तडकतो आणि गडद शाई त्या फटींतून आत झिरपते. शेवटी साध्या कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्री फिरवली की वितळलेला थर वरखालच्या कागदात शोषला जातो. चकाकी जाते, नक्षी सपाट होते. माझ्या मते ही पायरी टाळू नये. कापडाचा भास तिच्यामुळेच येतो.