हलका गेमिंग माउस: ग्रॅम आणि डीपीआयपलीकडचा हिशेब

वायरलेस माउस म्हणजे संथ प्रतिसाद, हा समज आता मागे पडला आहे. लॉजिटेकचा २०२० मधील ‘जी प्रो एक्स सुपरलाइट’ ६३ ग्रॅमहून हलका आहे. तो आपली स्थिती सेकंदाला १,००० वेळा संगणकाला कळवतो. ४,००० वेळांच्या दराने दोन संदेशांमधील अंतर एक मिलिसेकंदावरून पाव मिलिसेकंदावर येते, पण बॅटरी लवकर संपते. रेझरच्या ‘वायपर व्ही२ प्रो’साठी तर या दराचा डोंगल स्वतंत्रपणे विकला गेला.

‘सुपरलाइट’ची कमाल क्षमता २५,६०० डीपीआय आहे. हा आकडा बव्हंशी जाहिरातीपुरताच म्हणावा लागेल. कारण त्या दराने माउस इंचभर सरकताच कर्सर १,९२० पिक्सेल रुंदीचा पडदा तेरा वेळा ओलांडेल.

खरा फरक पडतो तो पृष्ठभागाने. माउसखालच्या पीटीएफईच्या पट्ट्या (न चिकटणाऱ्या तव्यावरील लेपाचाच हा पदार्थ) झिजतात आणि बदलता येतात. खेळतानाच चार्जिंग करणारी ‘पॉवरप्ले’ चटई सोयीची आहे. मात्र तिचा भाग माउसच्या तळाशी बसवला की थोडे वजन पुन्हा वाढते. डोंगल संगणकामागे न लावता वायरने माउसजवळ आणल्यास संपर्क अधिक स्थिर राहतो. त्यासाठीचा जोडभाग ‘सुपरलाइट’च्या खोक्यातच मिळतो.