वास्तू किबे यांची, नाव ‘प्रभात’चे

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना त्यांनी प्राणार्पण केले. त्याच वर्षी ‘प्रभात फिल्म कंपनी’चा शिवचरित्रावरील मूकपट ‘स्वराज्याचे तोरण’ या नावामुळे सेन्सॉरला खटकला आणि ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. स्वदेशीच्या त्या पर्वात वाढलेल्या या कंपनीचे नाव पुढे पुण्यातील एका चित्रपटगृहाने ऐंशी वर्षे मिरवले.

१९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात’ स्थापन केली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम यांच्याकडे कला व कसब होते. भांडवलाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी यांनी सांभाळली. शांतारामांचे वडील जैन होते, ही गोष्ट आपल्या समाजातील नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ इंदूरच्या सरदार किबे यांनी उभारलेले ‘किबे लक्ष्मी थिएटर’ १९३४ साली सुरू झाले. कंपनीने ते भाड्याने घेतले आणि लोकांच्या तोंडी ‘प्रभात टॉकीज’ हेच नाव रुळले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा चित्रपटांनी कंपनीची कीर्ती वाढवली. ‘संत तुकाराम’चा तर १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. देहूचे तुकोबा स्वतः वाण्याचा व्यवसाय केलेले. त्यामुळे व्यापारी कुटुंबांना ती कथा अधिकच जवळची वाटावी, यात नवल नाही.

चित्रपटगृहाचे स्थानही मोक्याचे होते. एका हाताला पुस्तकांची बाजारपेठ, पलीकडे लक्ष्मी रस्त्यावरील कापडाची दुकाने. मंचर, घोडेगाव, जुन्नरकडील व्यापाऱ्यांना घाऊक खरेदीसाठी या पेठांत यावेच लागे. माल बांधून होईपर्यंत मिळालेल्या उसंतीत दुपारचा खेळ सोयीचा. चौविहार पाळणाऱ्यांना तर सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असल्याने तोच योग्य. पर्युषणात मात्र नाटक-सिनेमा वर्ज्य. संयम आणि हौस यांची अशी सांगड घालूनच जुन्या पिढीने करमणूक केली.

१९५३ च्या सुमारास कंपनीची चित्रनिर्मिती थांबली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली चित्रपटविषयक शासकीय संस्था उभी राहिली. चित्रपटगृह मात्र दामले कुटुंबीयांनी चालू ठेवले आणि ते मराठी चित्रपटांचे हक्काचे घर मानले गेले. पुढे दूरचित्रवाणी आली, मल्टिप्लेक्स आली. एकपडदा चित्रगृहे एकामागून एक बंद पडू लागली. ‘प्रभात’चा निरोप मात्र वेगळ्या कारणाने झाला. भाडेकराराचा काळ सरला, डिसेंबर २०१४ मध्ये वास्तू मूळ मालकांकडे गेली आणि तिला पुन्हा ‘किबे लक्ष्मी’ हे नाव लाभले.

व्यापारी माणसाला यातील मर्म सांगावे लागत नाही. जागा भाड्याची असू शकते, तिचा करार कधीतरी संपतोच. पण पेढीचे नाव सचोटीने आणि चोख मालाने कमवावे लागते. पाटी उतरल्यावरही जुने पुणेकर त्या ठिकाणाला ‘प्रभात’ म्हणतात, ते याच पुण्याईमुळे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या अशा आठवणी, त्यांनी पाहिलेले खेळ, त्या दिवशीची खरेदी, येण्याजाण्याचे कष्ट, हे सारे वेळीच लिहून ठेवले, तर कुटुंबाच्या इतिहासात मोलाची भर पडेल.