ग्रामवास आणि पादांशिक क्रम

शहरातील जम बसलेला व्यवसाय अथवा महाविद्यालयातील कायम नोकरी सोडून खेडेगावी जावे, थोडी जमीन घेऊन वनौषधी लावाव्यात, मोजके रुग्ण तपासावेत आणि आयुष्यभर इतरांना सांगितलेली दिनचर्या एकदाची स्वतः आचरावी, असा विचार पन्नाशीच्या आसपासचे अनेक वैद्यमित्र बोलून दाखवतात. विचार उत्तम आहे. आम्हीही तो केला आणि अमलात आणला. परंतु तो अमलात आणताना, जी गोष्ट आपण रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो तीच आम्ही विसरलो, आणि तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

सहसा त्यागाचा दोष

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा आणि हितकर सवय लावून घेण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. सवय अहितकर असली तरी ती एकदम सोडावयाची नाही. एकेक चतुर्थांश कमी करीत, मध्ये दिवसांचे अंतर वाढवीत जावयाचे. अशा रीतीने घटवलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि मिळवलेले गुण ढळत नाहीत, असा त्याचा आशय आहे. वाग्भटाचार्यांनीही ऋतुसंधीच्या संदर्भात, एकदम सोडल्याने व एकदम सेवन केल्याने असात्म्यज विकार होतात, असे बजावले आहे. एका ऋतूतून दुसऱ्यात जाताना ज्या शास्त्राला मागचे सात आणि पुढचे सात दिवस महत्त्वाचे वाटतात, त्या शास्त्राचे उपासक आपण. आणि वीस वर्षांचे सात्म्य मात्र एका महिन्यात टाकून देतो!

आम्ही पुण्यातील चिकित्सालय चैत्रात बंद केले, दारावर आठ दिवस आधी सूचना लावली आणि कोकणात आलो. आमवाताच्या एक वृद्ध रुग्णा पाच वर्षे आमच्या चिकित्सेत होत्या. त्या परगावी मुलीकडे गेलेल्या असल्याने ती सूचना त्यांनी पाहिली नाही. परत आल्या तेव्हा दार बंद होते. औषधे संपली, वेदना वाढल्या, आणि कोणाच्याही सल्ल्यावाचून त्यांनी वेदनाशामक गोळ्या घेणे सुरू केले. काही आठवड्यांनी जठरात रक्तस्राव होऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने त्या वाचल्या. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत; एवढेच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्ही गावाला गेलात ते बरंच केलंत; पण आम्हांला कुणाच्या हाती देऊन गेलात?’’ या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

चार पाद

आज कोणी आम्हांस विचारले तर किमान एक वर्षाचा क्रम आम्ही सांगतो. पहिल्या पादात आठवड्यातून एक-दोन दिवस गावी राहावे आणि शहरात नवे जुनाट रुग्ण स्वीकारणे थांबवावे. दुसऱ्यात निम्मे दिवस गावी घालवून, प्रत्येक जुन्या रुग्णाचे निदान, औषध, मात्रा, अनुपान, पथ्य आणि सोबत चालू असलेली आधुनिक औषधे यांचे टिपण तयार करावे व त्याची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. तिसऱ्यात उत्तराधिकारी वैद्याला शेजारी बसवून रुग्ण दोघांनी मिळून तपासावेत. रुग्णाचा विश्वास चिठ्ठीने हस्तांतरित होत नाही. चौथ्या पादात महिन्यातून एकदाच शहरात यावे. यांपैकी एक पाद पूर्ण वर्षाऋतूत पडेल असे पाहावे. मार्गशीर्षातील गाव पाहून आषाढातील गावाची कल्पना येत नाही.

देशविचार

पुण्याहून कोकणात जाणारा वैद्य केवळ पत्ता बदलत नाही, तो देश बदलतो. आनूप देशात स्वतःचा अग्नी मंदावतो, तसाच औषधांचाही निभाव लागत नाही. आम्ही शहरातील साठा तसाच उचलून आणला. आषाढ संपेपर्यंत अविपत्तिकर चूर्णाचे, त्यातील साखरेमुळे, ढेकूळ झाले होते आणि त्रिफळा चूर्णाला बुरशी आली होती. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने आणि गुटिका व अवलेह यांचे एक वर्ष मानले आहे. आसव-अरिष्टे मात्र जुनी अधिक गुणकारी. जेथे खप कमी आणि हवा दमट, तेथे चूर्णे अल्प प्रमाणात, वरचेवर करावीत व साठा गुटिका आणि आसवांचा ठेवावा, हा बोध औषधी दुकानदारांनीही ध्यानात घ्यावा.

स्वतःच्या रुग्णांपुरती औषधे स्वतः तयार करणाऱ्या आणि ती बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना, २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मिती पद्धतींच्या अटींतून सूट आहे. परंतु तेच औषध बरणीत भरून विक्रीसाठी दुकानात ठेवताच उत्पादनाचा परवाना लागतो. ही सीमारेषा अनेकांकडून नकळत ओलांडली जाते.

जमीन आणि लागवड

महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. इसार देण्यापूर्वी हे तपासावे. लागवडीचेही आपले वेळापत्रक असते. अश्वगंधा पाच-सहा महिन्यांत निघते, पण तिला पाण्याचा निचरा होणारी, कोरडी जमीन मानवते. शतावरीची मुळे हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात, कलमी आवळ्याला फळ धरण्यास चार-पाच वर्षे. तोवर घरखर्च कशातून चालणार, आणि माल कोणता औषधनिर्माता घेणार, हे रोप लावण्यापूर्वी ठरलेले असावे. रानातील हिरडा-बेहडा ज्यांच्या उपजीविकेचा भाग आहे, त्यांच्याकडून तो योग्य भावाने विकत घ्यावा. आपण त्यात वाटेकरी होऊ नये.

संथपणाविषयी

एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेड्यातील वैद्याचे जीवन संथ नसते. शहरातील चिकित्सालयाला वेळा असतात. गावातील वैद्याच्या दाराला त्या नसतात. सर्पदंशाचा रुग्ण रात्री दोन वाजता येतो, आणि तेव्हा त्याला धीर देऊन, दंश झालेला अवयव हलू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचविणे हेच वैद्याचे कर्तव्य असते. ज्या रुग्णालयात जावयाचे त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि गावातील वाहनचालकाचे नाव भिंतीवर लिहिलेले असावे. संथ होते ते एवढेच की, रुग्णाची नाडी पाहताना पुढच्या रुग्णाची घाई नसते. आमच्या मते एवढ्यासाठीही गावी जाणे सार्थ आहे.

आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पुण्यास जातो आणि आमच्या जागी आलेल्या तरुण वैद्यांच्या शेजारी बसतो. त्या वृद्ध रुग्णा पुन्हा येऊ लागल्या आहेत. मागील भेटीत त्यांनी आपली नाडी प्रथम त्या तरुण वैद्यांच्या हाती दिली. आमचा चौथा पाद, उशिरा का होईना, पूर्ण होत आला आहे. ज्यांनी अद्याप पहिले पाऊल उचललेले नाही, त्यांनी आरंभच योग्य क्रमाने करावा, एवढीच विनंती. इत्यलम्.